घराचं दार, विहाराचं दार

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्यात जसे आले तसेच, थोडेसे नीटनेटके करून येथे दिले आहे.)

 

कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे, 'मंडळाचे सेवाकार्य आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण'. आम्ही काही पदवीधर नाही. आमचं शिक्षण गिरणीच्या रिंग खात्यात आणि ह्याच विहाराच्या वाचनालयात झालं. तेव्हा बोलण्यात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. पण जे सांगू ते आमच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, आणि जे इतिहासातलं आहे ते वाचून, विचारून, खात्री करून घेतलेलं आहे.

प्रथम सेवाकार्याचा हिशेब. हिशेब म्हणजे फुशारकी नव्हे. आपण सर्वांनी वर्गणी दिली, तेव्हा ऐकण्याचा आपला हक्क आहे.

विहाराची अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असते, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत पहाटेपर्यंत. चावी आळीपाळीने तरुणांकडे असते. जुन्या पाठ्यपुस्तकांची पेढी चालते. पुस्तक न्यायचं, सांभाळून वापरायचं, वर्ष संपलं की परत आणायचं. १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी रक्तदान शिबिर होतं. कोणाच्या घरी दुःखद प्रसंग झाला तर विहाराच्या पेटीतून त्याच दिवशी मदत पोहोचते, अर्ज करावा लागत नाही. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा आमच्यासारख्यांच्या गिरण्या बंद पडल्या त्या पडल्याच. घरकाम करणाऱ्या भगिनींची कामं गेली. रिक्षा-टॅक्सी उभ्या राहिल्या. त्या दिवसांत विहाराच्या मागच्या अंगणात चूल पेटली ती अडीच महिने विझली नाही. महिला मंडळाच्या भगिनींनी डाळ-भात शिजवला आणि तरुणांनी तो दारोदार पोहोचवला. जात विचारली नाही, पक्ष विचारला नाही. भय्या होता, मुसलमान होता, आपला होता, सगळ्यांच्या डब्यात तोच भात गेला.

त्या वेळी एक नियम आम्ही केला. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. हा नियम का केला ते सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मंडळींनी विहारात येऊन मुलांना वह्या वाटल्या. वह्या चांगल्या होत्या, नाही कशाला म्हणा. पण प्रत्येक मुलाला वही हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं. एका मुलाने मान खाली घातली तर त्याची हनुवटी धरून वर केली. त्या हनुवटीवरची बोटं आम्ही विसरलो नाही. मदत करणाऱ्याने आपल्या पोराची मान वर करावी, पण ती अशी नव्हे.

आता सेवा क्लब म्हणजे काय? रोटरी, लायन्स ही नावं आपण ऐकलेली आहेत. रोटरी १९०५ साली अमेरिकेत शिकागो शहरात सुरू झाली, लायन्स १९१७ साली. व्यापारी, डॉक्टर, वकील अशा मंडळींनी एकत्र येऊन समाजाचं काम करायचं, अशी ती कल्पना. पोलिओच्या डोसाच्या रविवारी रोटरीचे फलक आपण पाहिलेले आहेत. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्यांचाही वाटा आहे. चांगल्याला चांगलं म्हणावं.

पण क्लब ही गोष्ट फक्त साहेब लोकांची, असं जर कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं. मुंबईत मोफत वाचनालय काढलं आणि आपल्या तरुणांसाठी हॉकीचा क्लबसुद्धा काढला. आपली मुलं खेळावीत, वाचावीत, एकत्र राहावीत, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलं. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. खेड्यापाड्यातली पोरं तिथं वसतिगृहात येऊन राहिली. वेगवेगळ्या तालुक्यांची, वेगवेगळ्या बोलीची मुलं एका पंगतीला बसली. आम्ही तर म्हणतो, आपल्या समाजातली विद्यार्थ्यांची पहिली मोठी देवाणघेवाण ती वसतिगृहांतच झाली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रोटरीची अशी एक योजना १५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. मुलगा परदेशी जातो, तिथल्या कुटुंबात राहतो, तिथल्या शाळेत जातो. ते कुटुंब त्याच्या राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही. तिकडचं मूल इकडच्या घरी येतं. विमानाचं तिकीट, विमा हा खर्च मात्र आपला आपण करायचा. हा खर्च आपल्याला झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही ती वाट धरली नाही. पण ह्या दोन्हींशी संबंध नसलेल्या एका स्थानिक सेवा क्लबची आणि आमची टाळेबंदीत धान्याच्या निमित्ताने ओळख झाली होती. त्यांनी त्याच धर्तीवर राज्यातल्या राज्यात एक छोटा प्रयोग केला. आपलं मूल आठ दिवस दुसऱ्या शहरातल्या घरी, त्या घरचं मूल आठ दिवस आपल्याकडे. गाडीभाडं क्लबचं. क्लबचं नाव आम्ही घेत नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न जागेचा आला. १६० चौरस फुटांची खोली, त्यात पाच-सहा माणसं, संडास मजल्यावर सामाईक. बंगल्यातलं पोर इथं झोपणार कुठं? आमच्या एक आक्का म्हणाल्या, "पावन्याला जागा खोलीत नसती बाबा, मनात असती. पन संडासाची रांग मात्र मनात उभी राहत नाय." सगळे हसले. पण खरी गोष्ट अशी होती की हसता हसता प्रत्येकाच्या पोटात भीती होती. त्यांच्या पोराने इथून जाऊन काय सांगितलं तर? आपली गरिबी दाखवायची कशाला?

शेवटी एक मुलगी तयार झाली. अकरावीत शिकणारी. नाव सांगत नाही, ती आज इथं बसलेली आहे. तिला विचारूनच आम्ही हे बोलतो आहोत.

ती गेली. घर मोठं, माणसं सभ्य. तिला किल्ला दाखवला, नवीन ड्रेस घेतला, यजमान काकांनी स्वतः गणित शिकवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या घरच्या आजींनी आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कोण?" मुलीने सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध." कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी पाण्याचा निळा मग निराळा ठेवलेला. बाकी सगळ्यांचे स्टीलचे पेले मांडणीवर, हिचा मग खिडकीत. वाईट शब्द नाही, आवाज चढवणं नाही. फक्त मग खिडकीत.

ती आठही दिवस राहिली. हसतमुखाने परत आली. आम्ही विहारात तिचा सत्कार केला, तिने छान भाषण केलं. मगाचं एक अक्षर बोलली नाही. महिनाभराने एका रात्री आम्ही अभ्यासिकेतली ट्यूबलाईट बदलत होतो, ती स्टूल धरून उभी होती. तेव्हा बोलली. आम्ही विचारलं, "अगं, दुसऱ्याच दिवशी फोन का नाही केलास?" तर म्हणाली, "काका, मी परत आले असते तर पुढच्या वर्षी आपल्या मुलांना कोणी बोलावलं नसतं."

बंधू-भगिनींनो, आम्ही स्टुलावरून खाली उतरलो आणि बराच वेळ काही बोलू शकलो नाही. सोळा वर्षांच्या पोरीने सगळ्या वस्तीचं ओझं एकटीने आठ दिवस वाहिलं, आणि आम्ही तिला हार घालत बसलो होतो.

पुढे बैठक झाली. गरम झाली. तरुण म्हणाले, पेपरात देऊ. वडीलधारे म्हणाले, नकोच ती देवाणघेवाण, आपण बरे, आपला विहार बरा. खरं सांगायचं तर आम्ही स्वतः बंद करण्याच्याच बाजूचे होतो. तेव्हा मागच्या बाजूने ती मुलगी उठली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे ठरवताय. मला विचारलं का कोणी?" मग तिला विचारलं. ती म्हणाली, जे झालं ते मी लिहून देते, जसंच्या तसं. ते त्यांना पाठवा. आणि त्यांच्या मुलाला यायचंय, तर येऊ द्या.

तिची आई घरकाम करते. ती माउली म्हणाली, "त्यांचं पोर आपल्याकडं यायचंय ना? येऊ द्या. त्याला आपन आपल्याच पेल्यातनं पानी देऊ."

मुलीचं पत्र क्लबला गेलं. दीड पान, एकही कडू शब्द नाही, तारीख-वारासह हकिकत. आठ दिवसांनी क्लबचे चिटणीस स्वतः विहारात आले. सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "यजमान घरं निवडताना आम्ही खोल्या किती, संडास कसा, हे विचारलं. हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही." त्यांनी माफी मागितली. आम्ही म्हटलं, माफी आमची नको, तिची मागा. त्यांनी तिचीही मागितली. मग बसून नियम ठरवले. मूल पाठवण्यापूर्वी यजमान कुटुंबाची बैठक घ्यायची आणि मूल कोणत्या समाजाचं आहे हे लपवायचं नाही, हळू आवाजातही सांगायचं नाही. सांगून ज्याचं दार उघडं राहील त्याच घरी मूल जाईल. ज्या गावी मूल जाईल तिथल्या जवळच्या विहारातल्या एका उपासिकेचा फोन नंबर मुलाजवळ असेल. आणि मुलाला वाटेल त्या दिवशी परत येता येईल, त्याचा दोष कोणी मुलाला देणार नाही. हा शेवटचा नियम त्या मुलीच्या सांगण्यावरून घातला.

त्यानंतर त्या घरचा मुलगा आपल्याकडे आला. दहावी झालेला, गोरागोमटा, घाबरलेला. पहिल्या रात्री गॅलरीत पोरांच्या रांगेत झोपला तर ढेकणांनी आणि गप्पांनी त्याला झोप लागली नाही. सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. मग काय विचारता! सबंध मजला त्याच्यामागे लागला. एका घरातून पेज, दुसऱ्या घरातून ओवा, तिसऱ्या घरातून डॉक्टरची चिठ्ठी. त्याच्या आईचा दिवसातून पाच वेळा फोन. बरा झाल्यावर बोंबील खायला शिकला. संध्याकाळी अभ्यासिकेत बसून चौथी-पाचवीच्या पोरांना इंग्रजी वाचून दाखवायचा. पोरं त्याला मागून 'सर' म्हणायची आणि पुढून 'बंगला' म्हणायची.

मगाची गोष्ट त्याला आम्ही कोणी सांगितली नाही. पोराचा काय दोष? पण शेवटच्या संध्याकाळी त्या मुलीने स्वतःच सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. जाताना तिच्या आईच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याला धरून उभं केलं आणि म्हणाली, "पाया नको पडूस, जयभीम म्हन." त्याच्या आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तुमचा पोरगा आमच्या ताटात जेवला, आमचं पानी प्यायला. पुढच्या खेपंला तुमीच या."

त्या बाई अजून आलेल्या नाहीत. फोन मात्र येतो. त्या घरची आजी बदलली असं आम्ही म्हणत नाही, कारण आम्ही पाहिलेलं नाही. पण पुढच्या वर्षी त्या क्लबकडून नियम वाचून, समजून तीन घरांची नावं आली. आधी अकरा होती. अकराची तीन झाली म्हणून काही जण हिरमुसले. आम्ही म्हणतो, ती तीन खरी आहेत.

हे सगळं घडत असताना आम्हाला बाबासाहेबांच्या चरित्रातली दोन दारं आठवत होती.

पहिलं दार न्यूयॉर्कचं. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं काही दिवस ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचा तो क्लब. पुढे वसतिगृहात नवल भथेना नावाचे पारशी तरुण त्यांच्या खोलीत होते. एका खोलीत राहिलेल्या त्या दोघांची मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली बाबासाहेब अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि ह्याच भथेनांनी कर्जाऊ पैसे दिले. एका खोलीत राहण्याने काय होतं ते बघा.

दुसरं दार बडोद्याचं. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून एवढं शिकून, कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. तर राहायला घर मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावं लागलं. ते उघड झालं तेव्हा लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. अमेरिकेत पंगतीला बसलेला विद्वान आपल्या देशात एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून रडला. पदवी तीच, माणूस तोच. फरक दाराचा होता.

आणि गिरणीतलंही एक दार होतं, ते तरुणांना माहीत असावं म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचा स्पर्श झालेला धागा इतर कामगारांना चालत नसे. त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकीची घोषणा देणाऱ्यांनाही तो पचायला जड गेला. तेव्हा धागा, आज खिडकीतला मग. म्हणून आम्ही म्हणतो, एका घोषणेत बंधुभाव येत नाही. एका खोलीत, एका पेल्यात येतो.

आता दुसरी देवाणघेवाण, आपल्यातल्या आपल्यातली. त्या अनुभवानंतर आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या विहाराशी संबंध जोडला. दिवाळीच्या सुट्टीत आपली मुलं तिकडे, मे महिन्यात तिकडची मुलं इकडे. आजवर तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला आपले मुंबईकर पोरगे तिकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "काका, इथं रेंज नाही." आम्ही म्हटलं, रेंज नाही तर माणसांशी बोला. मग बोलले. कापूस वेचायला गेले, बोटं फाटली. गावात जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची यासाठी किती बैठका घ्याव्या लागतात ते ऐकलं. इथं आपण रस्ता अडवून डीजे लावतो, तिथं रस्ता मिळवण्यासाठी अर्ज करतात. आपल्या एका मुलाने परत येऊन डीजेची वर्गणी द्यायला नकार दिला आणि तेच पैसे त्या गावच्या वाचनालयाला पाठवले. आम्ही त्याला काही शिकवलं नव्हतं.

तिकडची मुलं इकडे आली. चैत्यभूमीवर गेली, समुद्र पहिल्यांदा पाहिला. पण त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं, तर अभ्यासिकेचं. एक मुलगी म्हणाली, "रात्री मुलीसुद्धा इथं वाचायला बसतात?" परत गेल्यावर तिने आपल्या विहारात संध्याकाळी सहा ते आठ मुलींची अभ्यासिका सुरू केली. दिवा आपण इथून पाठवला, तेल तिचं.

कोणी म्हणेल, ही घरगुती गोष्ट झाली, जग कुठं आणि आपण कुठं. तर जगातली एक गोष्ट सांगतो. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तिथं रोमा नावाचे लोक राहतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेलेल्या लोकांचे ते वंशज. त्यांच्या मूळ भाषेत आपल्या भाषांशी नातं सांगणारे शब्द आजही आहेत. पण तिथं त्यांना वस्तीबाहेर ठेवतात, त्यांच्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवतात. चांगल्या हुशार रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत घातल्याबद्दल २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हंगेरीविरुद्ध निकाल दिला. वाचताना वाटतं, हे तर आपलंच. तर ह्या लोकांमध्ये काम करणाऱ्या काही कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचं चरित्र पडलं. त्यांतले यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक हे दोघे महाराष्ट्रात आले, आपल्या वस्त्या, आपली वसतिगृहं पाहून गेले. त्यांनी बौद्ध धम्माची वाट धरली आणि २००७ साली शायोकाझा नावाच्या गावात रोमा मुलांसाठी माध्यमिक शिक्षणाची शाळा काढली. शाळेला नाव दिलं डॉ. आंबेडकर. तिथली पोरं एकमेकांना जयभीम म्हणतात. तिथले तरुण भारतात येऊन राहिले, इथले तरुण तिकडे जाऊन राहिले. नागपूरच्या नागलोकमध्ये तर देशातल्या अनेक राज्यांतली मुलंमुली एकत्र राहून धम्म शिकतात.

विचार करा. त्यांना आपण पैसा दिला नाही, इमारत दिली नाही. आपण फक्त आपल्या वस्तीचं दार उघडं ठेवलं होतं. ते आले, बघून गेले आणि तिथं जाऊन त्यांनी शाळा उभी केली. आपल्याजवळ द्यायला काही नाही, असं जे आपल्याला वाटतं, ते म्हणूनच खोटं आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा बोचणारा आहे.

चाळी जात आहेत, टॉवर येत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फूट. संडास घरात. आनंद आहे. आपल्या आया-बहिणींनी शंभर वर्षं रांगेत काढली, त्यांना हे मिळालंच पाहिजे. पण चाळीचं दार दिवसभर उघडं असायचं, आणि टॉवरचं दार ओढलं की आपोआप लागतं. जागा नव्हती तेव्हा आपण पाहुण्याला गॅलरीत झोपवलं. जागा झाल्यावर आपण 'आमच्या पोराचा अभ्यास आहे' म्हणून दार लावून घेणार असलो, तर त्या आजीत आणि आपल्यात फरक काय राहिला? तिने मग खिडकीत ठेवला, आपण माणूस दाराबाहेर ठेवला, इतकंच.

आणि हे आम्ही परक्यांविषयी बोलत नाही. मागच्या मे महिन्यात मराठवाड्याच्या सात मुलांसाठी घरं मागायला आम्ही फिरलो. चार मुलं खोल्यांत राहणाऱ्यांनी घेतली. तिघांना जागा मिळेना, ती विहारात झोपली. ज्यांची घरं मोठी आहेत त्यांच्यापैकी एकानेही हो म्हटलं नाही. नावं घेत नाही. आपण सगळे आपल्याच माणसांत बसलो आहोत, प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

म्हणून मंडळाच्या वतीने तीन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली. विहाराच्या टेबलावर आजपासून एक वही ठेवली आहे. वर्षातून आठ दिवस एका विद्यार्थ्याला घरात ठेवून घेण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आपलं नाव लिहावं. खोली लहान असली तरी लिहावं. मूल कोणत्याही समाजाचं असू शकतं, हे समजून लिहावं.

दुसरी. गाडीभाड्यासाठी दरमहा घरटी २० रुपये. क्लबने भाडं दिलं तेव्हा आपण घेतलं, त्यात कमीपणा नाही. पण भाडं आपलं असलं की नियमही आपले असतात, हे आपण अनुभवलं आहे. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

तिसरी विनंती पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना. त्या मगाच्या गोष्टीनंतर काही घरांनी ठरवलं की मुलीला बाहेर पाठवायचं नाही. तसं करू नका. कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा पासपोर्ट काढून ठेवा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून आहे. अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून जाहिरात निघाली की अभ्यासिकेतल्या फलकावर लावली जाईल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावून उपयोग नसतो. फॉर्म भरायला मदत करण्यासाठी दर रविवारी सकाळी दोन कार्यकर्ते बसतील.

आणि ती मुलगी? आता ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. समाजकार्याचं शिक्षण घ्यायला परदेशी अर्ज करणार आहे. परवा आम्ही तिला विचारलं, "तिकडे परक्या घरात राहावं लागलं आणि पुन्हा तसं काही झालं तर?" ती म्हणाली, "काका, आता पहिल्याच दिवशी विचारीन, पेले कुठं ठेवता."

बाबासाहेबांनी आपल्याला चवदार तळ्यापासून शिकवलं की पाणी हा तहानेचा प्रश्न नाही, माणुसकीचा आहे. त्या शिकवणुकीची परीक्षा आता आपल्या घराच्या दारात आहे. ती पास होण्याची ताकद आपल्याला लाभो, अशी मंगल कामना करून आम्ही आमचे शब्द संपवतो.

नमो बुद्धाय. जयभीम. जय भारत.